स्ट्रीट फोटोग्राफीत दिशा सापडत नाहीये? आधी जुना ढीग उपसा

रविवारी सकाळी सांगलीच्या मारुती चौकात चहाच्या गाड्यावर गळ्यात कॅमेरा अडकवलेली दोन-तीन पोरं हमखास दिसतात. ओळख निघाली की फोन पुढे येतो. सुरकुतलेल्या चेहऱ्याची आजी, गजरेवाल्या मावशी, सायकलची लांब सावली, गणपती मंदिरासमोर उडालेली कबुतरं, पावसातली लाल छत्री. फोटो वाईट नसतात. आणि मग ते वाक्य येतं, "सर, फोटो बरे येतात, पण पुढं काय करायचं तेच कळंना."

हे इतक्या जणांकडून ऐकलंय की आता त्यांची चूक कुठे होते ते न बघताच सांगता येतं. चूक क्रमात होते. आधी कॅमेरा, मग गाजलेली जागा, मग शेकड्यांनी फोटो, त्याच रात्री पोस्ट, आणि सगळ्यात शेवटी 'माझं असं काय आहे?' हा विचार. मी स्वतः दोन वर्षं याच क्रमाने मार्केट यार्डात हळदीचे ढीग टिपत होतो. ढीग पिवळे होते, फोटो पिवळे आले. हाती काही लागलं नाही.

खालचा क्रम जवळजवळ उलटा आहे. आठवड्याला दोन फेऱ्या धरल्या तर साधारण दहा आठवडे लागतात. नोकरी सांभाळून जमतं. उदाहरणं सांगलीची आहेत, कारण मी इथेच फिरतो.

## सुरू करण्याआधी

आहे तो कॅमेरा घ्या, नसेल तर फोन. लेन्स एकच. खिशात मावणारी वही आणि पेन. फोटोंच्या दोन प्रती राहतील एवढी जागा, एक कॉम्प्युटरवर आणि एक वेगळ्या हार्ड डिस्कवर. शेवटच्या टप्प्यांसाठी चाळीस प्रिंटांचे पैसे बाजूला काढून ठेवा.

या दहा आठवड्यांत दोन गोष्टी बंद: खरेदी आणि पोस्ट.

खरेदी बंद ठेवणं त्या मानाने सोपं. पोस्ट बंद ठेवताना लोक तिसऱ्या दिवशी गळपटतात. पण त्याला कारण आहे. फोटो टाकला की तासाभरात टाळ्या येतात, आणि पुढच्या फेरीला तुम्ही नकळत टाळ्या मिळालेला फोटोच परत काढायला निघता. सुरकुत्यांच्या आजी एवढ्या मोठ्या संख्येने त्यामुळेच तयार होतात.

## टप्पा १: जुना ढीग उपसा

नवीन फोटो अजून काढायचे नाहीत. मागच्या दोन वर्षांत रस्त्यावर काढलेले सगळे फोटो एका फोल्डरमध्ये आणा. त्यातले फसलेले, हललेले, अर्धवटही राहू द्या. भराभर बघत त्यातून साधारण दोनशे वेगळे काढा. निकष एकच: नजर क्षणभर अडकली का?

आता वही उघडा. प्रत्येक फोटोपुढे एक शब्द लिहा. तो शब्द क्रियापद हवा. सगळी गोम इथेच आहे. 'आजी', 'फुलवाली', 'सायकल', 'पाऊस' असं लिहिलं तर हाती बाजारहाटाची यादी येईल. 'उचलणं', 'मोजणं', 'झाकणं', 'हाक मारणं', 'लपणं', 'टेकणं' असं लिहिलं तर तुमचं लक्ष खरं कशाकडे जातं ते कागदावर येतं.

क्रियापदाशेजारी आणखी दोन नोंदी करा: तुम्ही किती लांब उभे होता, आणि किती वाजले होते. वेळ फोटोच्या माहितीत सापडते. अंतर अंदाजाने लिहा.

माझं काय झालं ते सांगतो. मला वाटायचं, मी हळदीचा माणूस आहे, रंगाचा. दोनशे फोटोंची क्रियापदं मोजली तर 'वाट बघणं' एकसष्ट वेळा. एसटी स्टँडवर वाट बघणारे, रेशनच्या रांगेत वाट बघणारे, यार्डात पोत्यावर बसून वाट बघणारे. ढिगांचे फोटो होते त्यातसुद्धा कडेला कोणीतरी मांडी घालून बसलेलं होतं, आणि दोन वर्षं मी त्यालाच क्रॉप करून बाहेर काढत होतो!

नेहमीची चूक: दुसऱ्याला आवडलेले फोटो आधी निवडणं. लाइक, स्पर्धेतलं बक्षीस, ग्रुपवरचे अंगठे, या टप्प्यावर सगळं बाजूला.

तपासा: सगळ्यात जास्त वेळा आलेल्या तीन क्रियापदांत मिळून निम्मे तरी फोटो येतात का? येत नसतील तर तुम्ही नामं लिहिली आहेत. पुन्हा लिहा. दुसऱ्या वेळी एक संध्याकाळ पुरते.

## टप्पा २: एका ओळीचा प्रश्न लिहा

'सांगलीचं लोकजीवन' हा विषय नाही, ती स्मरणिकेतली सदराची पाटी आहे. 'बाजार', 'पाऊस', 'घाट' हेही नाही. सगळ्यात वर आलेलं क्रियापद घ्या आणि त्याचा प्रश्न करा. प्रश्न असा हवा की उत्तर डोळ्यांना दिसेल.

माझा प्रश्न असा तयार झाला: *मालाचा भाव दुसऱ्याच्या हातात असतो तेव्हा माणूस कसा उभा राहतो?*

दुसरं उदाहरण बघा. पावसाळ्यात सांगलीत कोणी कोणाला भेटलं की पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती फूट?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं. चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्याही वर गेलं, त्यानंतर तर हा आकडा घराघरात बोलला जातो. 'पूर' या विषयावर फोटो काढायला शंभर जण येतात आणि सगळे पाणी काढतात. 'पाणी बघायला आलेली माणसं पाण्याकडे किती वेळ आणि कशी बघतात?' असं विचारलं की कॅमेरा आपोआप पाठीमागे वळतो. कठड्यावर टेकलेली कोपरं, खांद्यावर बसवलेलं पोर, मनातल्या मनात फूट मोजणारे म्हातारे.

सावधान: हा प्रश्न पाणी इशारा पातळीच्या खाली असतानाचा. पाणी गावात शिरलं की कॅमेरा घरी ठेवा आणि सामान उचलायला हात लावा. निवारा केंद्रात अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या माणसासमोर लेन्स धरणं मला पटत नाही, आणि इथे मी वाद घालणार नाही.

प्रश्न पक्का करण्याआधी त्याला तीन कसोट्या लावा. तो डोळ्यांना दिसतो का ('लोक सुखी आहेत का' हे दिसत नाही)? दर आठवड्याला घडतो का (वर्षातून एकदाची मिरवणूक नको)? घरापासून वीस मिनिटांत पोचता येतं का? तिसरी कसोटी क्षुल्लक वाटते, पण बहुतेक प्रकल्प तिथेच मरतात.

## टप्पा ३: जागा आणि वेळ बांधून घ्या

तीनशे पावलांचा एक तुकडा ठरवा. त्याच्या बाहेर दहा आठवडे फोटो नाही.

हे ऐकून लोक नाराज होतात. त्यांचा रविवार असा असतो: पहाटे गणपती मंदिर आणि घाट, नऊला मिरजेत सतारमेकर गल्ली, दर्ग्याचा परिसर, दुपारी जेवण, संध्याकाळी नरसोबावाडी. सहाशे फोटो होतात. सहाशेही फोटो तिथे पहिल्यांदाच गेलेल्या माणसाचे असतात. ती सहल झाली. सहलीला माझी ना नाही, पण तिच्यातून दिशा निघत नाही.

तुकडा ठरला की पहिल्या दोन फेऱ्या कॅमेऱ्याशिवाय करायच्या. वहीत ओबडधोबड नकाशा काढा आणि त्यात तीन गोष्टी टिपा:

१. ऊन कुठून येतं, किती वाजता कुठल्या भिंतीवर पडतं.
२. माणसं कुठे थांबतात. चालतात कुठे याला फारसं महत्त्व नाही. थांबण्याच्या जागा म्हणजे पायरी, कठडा, टपरीची फळी, झाडाचा पार.
३. मागे काय दिसतं. फ्लेक्स, वायरी, लावलेल्या गाड्या.

१९२९ सालच्या आयर्विन पुलाचं उदाहरण घ्या. गाव नदीच्या पूर्वेला, सांगलवाडी पश्चिमेला. संध्याकाळी गावाकडच्या टोकाला उभं राहून सांगलवाडीकडे तोंड केलं तर सूर्य समोर येतो आणि चालत येणारी माणसं काळ्या आकृत्या होतात. चेहरे हवे असतील तर त्याच वेळी पाठ फिरवा, किंवा सकाळी या. कॅमेरा हातात असताना हा हिशेब सुचत नाही, कारण बोट बटणाकडे जातं. नकाशा आधी काढायचा तो त्यासाठी.

हरभट रोडसारख्या गर्दीच्या बाजाररस्त्यावर तीनशे पावलंही जास्त होतात. तिथे एका दुकानाच्या पायरीपासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एवढंच घ्या.

खासगी आवार, यार्डातलं अडत दुकान, गोदाम अशी जागा असेल तर या दोन फेऱ्यांतच परवानगी विचारून ठेवा. मी पहिल्यांदा न विचारता घुसलो होतो. अडत्यांनी काहीच म्हटलं नाही, पण दिवाणजी माझ्या मागेमागे फिरत राहिले, आणि मागे दिवाणजी असताना कोणी नैसर्गिक उभं राहत नाही. पुढच्या वेळी आधी त्यांनाच जाऊन भेटलो. "पेपरात देणार का?" एवढंच त्यांनी विचारलं. "न्हाई, माझ्यासाठी," म्हटल्यावर चहा आला.

तपासा: डोळे मिटून त्या तुकड्यातल्या पाच थांबण्याच्या जागा सांगता येतात का? नसतील येत तर तिसरी फेरीही कॅमेऱ्याशिवाय.

## टप्पा ४: कॅमेरा घरीच लावून घ्या

रस्त्यावर उभं राहून मेन्यू चाळणारा माणूस फोटो काढत नसतो. सगळं घरी.

फोकस. कॅमेऱ्यासोबत येणारी अठरा-पंचावन्न मिलिमीटरची किट लेन्स असेल तर ती अठरावर ठेवा, अॅपर्चर एफ ८ (हा आकडा जेवढा मोठा तेवढं उजेडाचं भोक लहान), फोकस दोन मीटरवर. क्रॉप सेन्सरवर (बहुतेक साध्या कॅमेऱ्यांतला लहान सेन्सर) असं केलं की साधारण एक मीटरपासून पुढचं सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. मग फोकस शोधायची भानगडच नाही. फुल फ्रेमवर (मोठा सेन्सर) पस्तीसची लेन्स असेल तर एफ ८ ला तीन मीटर धरा, जवळजवळ दोन ते सात मीटरमधलं येतं.

किट लेन्सवर बहुतेकदा अंतराचे आकडे नसतात. म्हणून दोन मीटरवर खुर्ची ठेवा, तिच्यावर ऑटोफोकस करा, आणि लगेच मॅन्युअलवर टाका. झूमची रिंग हलली की फोकस सरकू शकतो, म्हणून तिच्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावा. दिसायला गबाळं दिसतं, पण काम होतं.

दोन मीटर म्हणजे किती, हे पायांना शिकवावं लागतं. घरात दोन फुटी फरशी असेल तर तीन फरश्या आणि वर एक वीत. आठवडाभर येता-जाता घरच्यांपासून तेवढ्यावर उभं राहून बघा. ते वैतागतील.

शटर. उभ्या-बसलेल्या माणसांना १/२५० सेकंद. पाठीवर पोतं घेऊन पळणारा हमाल असेल तर १/५००. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ऑटोवर, कमाल ३२०० किंवा ६४००. यार्डातल्या पत्र्याच्या शेडखाली उजेड कमी असतो, तिथे अॅपर्चर एफ ५.६ वर आणा. त्याच अठरावर, दोन मीटरच्या फोकसला आता सव्वा मीटर ते सहा मीटर एवढाच पट्टा स्पष्ट येईल, हे ध्यानात ठेवा.

रंग. सांगलीकरांसाठी ही खास सूचना. फ्रेममध्ये हळदच हळद असेल तर ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने रंग आपोआप जुळवणं) गडबडतो. एवढा पिवळा खरा असू शकत नाही असं समजून तो चित्र निळसर करतो. हळद फिकी पडते आणि हमालाचा पांढरा बनियन निळा दिसतो. व्हाइट बॅलन्स सूर्याच्या चिन्हावर पक्का करा. त्याशिवाय भडक पिवळ्यात लाल चॅनल (फोटोतला लाल रंगाचा हिस्सा) लवकर फुटतो आणि ढिगाचा पोतच जातो, म्हणून एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली ठेवा. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघताना पांढरा आलेख बघू नका, तिन्ही रंगांचे वेगवेगळे बघा.

सावधान: यार्डात लेन्स बदलू नका. हळदीची भुकटी हवेत तरंगत असते. ती कॅमेऱ्यावर बसली तर कापडाने पुसू नका, आधी ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) उडवा. कापडाने ती घासली जाते आणि खाचांत शिरते.

फोनवाल्यांनी साधं १x ठेवा, झूम नको. ब्युटी मोड बंद. स्क्रीनवर बोट दाबून उजेड लॉक करायला शिका. बाकी वरचं सगळं विसरलात तरी चालेल.

## टप्पा ५: रस्त्यावर

पहिली पंधरा मिनिटं फोटो नाही. पोचा, रामराम घाला, चहा घ्या, कॅमेरा हातात उघडा दिसू द्या. लपवलेला कॅमेरा आणि लांबची झूम लेन्स यांनी जेवढी भांडणं होतात तेवढी उघड्या कॅमेऱ्याने होत नाहीत.

थांबा, पळू नका. नकाशातली एक थांबण्याची जागा निवडा आणि तिथे वीस मिनिटं उभे राहा. विषयामागे धावलात की तुम्हाला पाठी मिळतात.

क्षणाच्या नंतर काढा. हे मला उशिरा कळलं. सौद्याच्या वेळी खरेदीदार ढिगातून एक हळकुंड उचलतो आणि दोन्ही अंगठ्यांनी मोडतो. कट् असा आवाज येतो. आतला रंग बघतो, नाकाजवळ नेतो, कधी पुढच्याला दाखवतो. आम्ही सगळे त्या मोडण्यावर तुटून पडायचो. पण माझा प्रश्न भाव कोणाच्या हातात आहे याचा होता. एकदा सहज नजर वर गेली. हळकुंड मोडलं होतं, खरेदीदार आत बघत होता, आणि ज्याचा माल होता तो शेतकरी टोपी काढून हातात घेऊन तिची कड चाचपत उभा होता. खरेदीदाराचे ओठ हलेपर्यंत साताठ सेकंद गेले असतील. तेवढ्यात त्याने टोपी दोनदा घातली, दोनदा काढली. त्या दिवशी आवाज झाल्यावर मनात तीन मोजून मग बटण दाबायला लागलो. तुमच्या प्रश्नातही असा एक 'कट्' असेल. तो शोधा आणि त्याच्या पलीकडे थांबा.

कोणी हटकलं तर. कॅमेरा खाली, गॉगल कपाळावर, आणि खरं सांगा. "कशाला काढालाय फोटो?" याला "छंद आहे, हळदीच्या बाजाराचे काढतोय" एवढं उत्तर पुरतं. फोटो दाखवा. पुसून टाक म्हटलं तर समोर पुसा. कायद्याने काय चालतं यावर रस्त्यात वाद घालणारा दुसऱ्या रविवारी तिथे उभा राहू शकत नाही, आणि आपल्याला दहा आठवडे उभं राहायचंय.

काही ठिकाणी मी फोटो काढतच नाही: घाटावर अंघोळ किंवा कपडे बदलणाऱ्या बायका, स्मशान, दवाखान्याची दारं, दारू पिऊन पडलेला माणूस. लहान मुलांचा फोटो सोबतच्या मोठ्याला विचारून. देवळाच्या, दर्ग्याच्या आत पाटी वाचून आणि तिथल्या माणसाला विचारून. रेल्वे स्टेशन, कोर्टाचं आवार, पोलीस ठाणं इथे परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका.

नेहमीची चूक: फोटो काढला की लगेच स्क्रीन बघणं. तेवढ्यात पुढचा क्षण निघून जातो. शक्य असेल तर स्क्रीनवर फोटो आपोआप दिसणं बंदच करा.

तपासा: तासाभरात शंभराच्या वर फोटो झाले असतील तर तुम्ही बघत नाही आहात, गोळा करत आहात. पुढच्या फेरीला स्वतःला चाळीसची मर्यादा घाला.

## टप्पा ६: फोटो मुरू द्या

घरी आलात की तीन कामं: दोन प्रती करा, वहीत तीन ओळी लिहा, कॅमेरा पुसा. तीन ओळींत काय पाहिलं, काय हुकलं, पुढच्या वेळी कुठे उभं राहायचं. फोटो उघडायचे नाहीत.

दहा दिवस थांबा. त्याच रात्री बघितलेल्या फोटोत फोटो दिसतच नाही, सकाळचं ऊन, चहा, झालेली गंमत दिसते. ज्या फोटोसाठी घाम गाळला तो चांगला वाटतो, सहज निघालेला नजरेतून सुटतो. फिल्मच्या काळात धुण्याला वेळ लागायचा, तेव्हा ही सवय आपोआप होती. गॅरी विनोग्रंड हा अमेरिकन छायाचित्रकार तर मुद्दाम वर्षभर रोल धूत नसे. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा अडीच हजारांच्या आसपास रोल धुवायचे राहिले होते. तेवढं ताणायची गरज नाही. दहा दिवस पुरतात.

## टप्पा ७: निवड

इथे घाई करणाऱ्यांची आधीची सहा टप्प्यांची मेहनत पाण्यात जाते. तीन चाळण्या लावायच्या, तिन्ही वेगवेगळ्या दिवशी.

पहिली चाळणी. सहा आठवड्यांचे सगळे फोटो लहान चौकोनात बघा, काडेपेटीएवढ्या आकारात. मोठा करून नाही. लहान असतानाही ज्यात काहीतरी चाललंय हे कळतं तेच ठेवा. दहातला एक राहील.

दुसरी चाळणी. दोन-तीन दिवसांनी. वहीतला प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्क्रीनशेजारी चिकटवा. प्रत्येक फोटो तीनपैकी एका फोल्डरमध्ये टाका: *होय*, *नाही*, *मोह*.

'मोह' म्हणजे सुंदर आहे पण प्रश्नाशी संबंध नाही. उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात उडणारी हळदीची भुकटी. बैलगाडीचं चाक. पिवळ्या ढिगावर पडलेली सावली. माझा मोहाचा फोल्डर 'होय'च्या दुप्पट होता आणि त्यातले तीन फोटो वगळताना खरंच जिवावर आलं. ते टाकून द्यायचे नाहीत, नुसते वेगळे ठेवायचे. सहा महिन्यांनी त्या फोल्डरमधून पुढचा प्रश्न निघतो असा अनुभव आहे.

सावधान: कमकुवत रंगीत फोटो काळापांढरा करून वाचवू नका. काळापांढरा केला की कुठलाही फोटो गंभीर वाटतो, आणि तोच त्याचा धोका. रंगीत की काळापांढरा हे सगळ्या संचासाठी एकदाच ठरवा. तीस टक्क्यांहून जास्त कापावा लागतोय तो फोटोही सोडा. तुम्ही लांब उभे होता, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरी चाळणी. 'होय'मधल्या चाळीसांच्या चार बाय सहाच्या साध्या प्रिंट काढा. फोटो लग्नाच्या अल्बममध्ये लावतात तसल्या, भारी कागद नको. जमिनीवर चटई घाला आणि पंगतीसारखे मांडा. उभे राहून बघा. दोनदा तेच सांगणारे उचलून बाजूला ठेवा.

मग घरातल्या अशा माणसाला बोलवा ज्याला फोटोतलं काही कळत नाही. "कसे आलेत?" विचारायचं नाही, उत्तर "छान" येतं आणि विषय संपतो. विचारायचं, "यात काय चाललंय?"

माझ्या आईने टोपीवाल्या शेतकऱ्याच्या फोटोवर बोट ठेवून विचारलं, "ह्याचं कोण आजारी हाय?" तिला ते यार्ड आहे हेच कळलं नव्हतं. तिला तो दवाखान्याच्या बाकाजवळ निकालाची वाट बघणारा माणूस वाटला. मी खजील झालो, की फोटोतून जागा कळत नाही. रात्री झोपताना लक्षात आलं, की दोन वर्षं जे शोधत होतो ते हेच. त्यानंतर नुसती हळद दिसत नाही म्हणून एकही फोटो बाद करायचा नाही असं ठरवलं.

नेहमीची चूक: निवड फोटोग्राफर मित्रांच्या हातात देणं. ते शार्पनेस, लीडिंग लाइन (नजर ओढून नेणारी रेषा) आणि 'थोडा डावीकडे सरकला असतास तर' सांगतात. ते सगळं खरं असतं आणि या टप्प्यावर निरुपयोगी.

## टप्पा ८: बारांचा क्रम, आणि भोकांची यादी

चाळीसातले बारा निवडा. एका ओळीत मांडा.

सगळ्यात चांगला फोटो पहिला लावू नका, पुढचे अकरा त्याच्यापुढे फिके पडतात. सुरुवातीला असा लावा की बघणारा आत शिरेल: दार, रांग, येणारा टेम्पो. शेजारशेजारचे दोन फोटो एकाच अंतरावरून काढलेले नकोत. हाताच्या जवळच्या फोटोनंतर मोकळी जागा दिसू द्या. आठवडाभर ती ओळ कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवा. येता-जाता जो खटकतो तो काढा.

आता सगळ्यात उपयोगी काम: काय नाही ते लिहा. माझ्या बारांत खरेदीदाराचा चेहरा एकदाही नव्हता, फक्त हात. हमाल होते पण बसलेले नव्हते. सौदे संपल्यावरचं रिकामं शेड नव्हतं. बाई एकच होती, तीही पाठमोरी, झाडू घेतलेली. ही भोकांची यादी म्हणजे पुढच्या फेऱ्यांचा कार्यक्रम. 'आज काय काढू?' हा प्रश्न मला त्यानंतर पडलेला नाही. हळदीचा हंगाम ओसरला तेव्हा तीच यादी घेऊन एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीसमोर उभा राहिलो. क्रियापद तेच होतं.

बारांत आलेल्या माणसांना त्यांची प्रिंट नेऊन द्या, आणि मगच फोटो कुठेही टाका. प्रिंट देताना सोबत आणखी एक जास्तीची ठेवा. हमालांच्या बैठकीत एकाला दिली की शेजारचा "माझा कुटाय?" विचारतोच, आणि रिकाम्या हाताने उभं राहणं अवघड जातं.

बारा झालेच नाहीत तर: टप्पा १ ला परत जाऊ नका, ते क्रियापद सहसा बरोबर असतं. आधी वेळ बदला. सकाळचे जात असाल तर दुपारी तीनला जा. चार फेऱ्यांनी फरक पडला नाही तर उभं राहायची जागा बदला. त्यानेही नाही झालं तर टप्पा २ मधला प्रश्न पुन्हा लिहा, या वेळी आणखी लहान. कॅमेरा बदलायचा विचार आला तर खुर्ची दोन मीटरवर ठेवून फोकस पुन्हा तपासा. दहापैकी सात वेळा चिकटपट्टी सुटून रिंग फिरलेली असते.